कार कंपनीतलं अप्रेंटिसचं वर्ष : नाशिकच्या पोरापोरींसाठी

चांदवडचा_मेक

निकाल लागले की दर वर्षी तेच प्रश्न फिरायला लागतात. अप्रेंटिस म्हणजे नोकरी का? पैसे किती? पुढे पर्मनंट करतात का? गावाकडून इतके फोन आले की एकदाच नीट लिहून काढायचं ठरवलं. मी मेकॅनिकलची डिग्री करून सातपूरला एका गाड्या बनवणाऱ्या कंपनीत ग्रॅज्युएट अप्रेंटिस आहे, वर्ष संपत आलंय. कंपनीचं नाव लिहीत नाही. जे सांगायचंय ते कुठल्याही कार कारखान्याला लागू आहे.

आधी कायद्याचं, कारण ते कॉलेजात कुणी सांगत नाही. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. सुरुवातीला तो ट्रेडवाल्यांसाठी होता, १९७३ च्या दुरुस्तीने डिग्री-डिप्लोमावाले त्यात आले. या कायद्याखाली आपण प्रशिक्षणार्थी असतो, कंपनीचे कामगार नसतो. म्हणून पीएफ कापला जात नाही, ईएसआय नाही, आणि वर्ष संपल्यावर घेतलंच पाहिजे असं बंधन कंपनीवर नाही. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्याला मात्र अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस ठेवावेच लागतात, त्यामुळे जागा दर वर्षी निघतातच.

पैशांचं सांगतो. २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान विद्यावेतन डिग्रीला ९,०००, डिप्लोमाला ८,०००, आयटीआयला ७,००० रुपये. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ३६ टक्के वाढीची शिफारस केली. अनेक मोठ्या कंपन्या किमानपेक्षा जास्त देतात. तेव्हा ऐकीव आकड्यांवर जाऊ नका, तुमच्या करारावर जो आकडा छापलाय तोच खरा. डिग्री-डिप्लोमावाल्यांच्या किमान रकमेतला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं आणि आता तो थेट आपल्या खात्यात येतो. खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, हे आजच तपासा.

आता मुद्द्याचं. कारखान्यात गेल्यावर पहिले काही दिवस डोजोमध्ये जातात. डोजो म्हणजे सरावासाठी उभारलेली खोटी असेंब्ली लाईन. तिथे सेफ्टी, नट हाताने लावून मग गनने आवळणं, टॉर्क रेंचचा (ठरलेल्या जोराइतकंच आवळायचा पाना) क्लिक ऐकणं, आवळून झाल्यावर पेंट मार्करची खूण करणं, असं सगळं हातात बसवून घेतात. मग खऱ्या लाईनवर. मला ट्रिम लाईन मिळाली, म्हणजे रंगवलेल्या बॉडीत वायरिंग आणि आतले भाग बसवतात ती.

लाईन कशी चालते ते हिशेबाने समजून घ्या. समजा चहा-जेवण वजा जाता शिफ्टचे साडेसात तास, म्हणजे २७,००० सेकंद हातात आहेत आणि ३०० गाड्या काढायच्या आहेत. भागाकार आला ९० सेकंद. हा टॅक्ट टाइम, म्हणजे एका गाडीमागे प्रत्येक स्टेशनला मिळणारा वेळ. आकडे उदाहरणाचे आहेत, पण अख्खा कारखाना या एका भागाकारावर बांधलेला असतो. स्टेशनं किती, माणसं किती, कुठल्या स्टेशनला कुठले बोल्ट, ट्रॉली किती पावलांवर उभी करायची, सगळं त्यातून निघतं. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पेपरात मी हे पाठ करून लिहिलं होतं. डोअर वायरिंगचं ग्रोमेट, म्हणजे वायर जाते त्या भोकातलं रबर, बसवताना पाठीमागून पुढची गाडी सरकत येते, तेव्हा ते खरं कळतं.

पाय दुखतात. पहिले दोन-तीन आठवडे रात्री पिंडऱ्या ठणकतात, मग सवय होते. शिफ्ट बदलली की झोपेचं तंत्र बिघडतं. ते शरीराचं झालं. खरी अडचण वेगळीच आहे. कागदावर आपलं प्रशिक्षण फिरतं असतं, प्रेस शॉप, बॉडी शॉप, पेंट शॉप, असेंब्ली. प्रत्यक्षात लाईनला माणूस कमी पडला की हात बसलेल्या अप्रेंटिसला त्याच स्टेशनला ठेवतात. यात कुणाचा दुष्टपणा नसतो, लाईन लीडरला संध्याकाळी गाड्यांचा आकडा द्यायचा असतो. पण तुमचं वर्ष त्यात निघून जातं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की बदली मागा. तिसऱ्या महिन्याच्या आत मागा, नम्रपणे मागा, आणि लेखी मागा. ट्रेनिंग सेंटरला साधा मेल करा की करारातल्या वेळापत्रकाप्रमाणे माझं पुढचं डिपार्टमेंट कुठलं आणि कधी. कुणी बोलावून घेत नाही, विचारणाऱ्याला मात्र नाही म्हणणारी माणसं मला फार थोडी भेटली.

एक उदाहरण देतो. गाडी तयार झाली की शॉवर टेस्टला जाते, सगळ्या बाजूंनी पाण्याचा मारा. मध्यंतरी काही गाड्यांच्या डिकीत पाणी सापडायला लागलं. सगळ्यांचा संशय डिकीच्या रबर बीडिंगवर. बीडिंग बदललं, पाणी तसंच. माझं ते काम नव्हतं, पण स्टेशनला रिलिव्हर (बदली माणूस) आला तेव्हा क्वालिटीच्या साहेबांना विचारलं, सर मी बघायला येऊ का? ते म्हणाले, नुसता बघू नको, आत झोप. टॉर्च घेऊन डिकीत आडवा झालो, झाकण लावलं. बाहेरून एक दादा पाइपने एकेका जागी पाणी सोडतोय, मी आतून ठोकून सांगतोय आलं की नाही. बीडिंग कोरडं. पाणी येत होतं टेल लॅम्पच्या खोबणीतून, दोन पत्रे जिथे एकमेकांवर बसतात तिथून. त्या सांध्यावर सीलर, म्हणजे फट बुजवणारा लेप, लागतो पेंट शॉपमध्ये. तिथे गेलो तर सीलर मारणाऱ्या माणसाचं नोझल त्या कोपऱ्यात पोचतच नव्हतं, एक ब्रॅकेट आडवं येत होतं. ब्रॅकेट का सरकलं? बॉडी शॉपच्या फिक्स्चरमधली (वेल्डिंगच्या वेळी पत्रे धरून ठेवणारा साचा) लोकेटिंग पिन, म्हणजे भाग नेमक्या जागी बसवणारी पिन, झिजली होती. पाणी दिसलं असेंब्लीत, सीलर सुटला पेंटमध्ये, आणि मूळ निघालं बॉडी शॉपमध्ये. व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस (प्रत्येक उत्तराला पुन्हा 'का?' विचारत मुळाशी जाणं) कशाला करतात ते त्या आठवड्यात मला कळलं, आणि गाडी कशी बनते तेही.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देतो. जुन्या जाणत्यांनीही लिहावं.

टूलरूम_अण्णा

छान लिहिलंस बाळा. मी आयटीआय फिटर, १९८६ साली सातपूरलाच अप्रेंटिसला लागलो आणि पुढे आयुष्य टूलरूममध्ये गेलं. आमच्या वेळी पहिले कित्येक आठवडे फक्त कानस. एक चौकोनी तुकडा द्यायचे, चारी बाजू काटकोनात आणून दाखव म्हणायचे. उस्ताद ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचे, फटीतून उजेड दिसला की परत कानस. हात तयार झाला तो तिथे.

त्या काळी नाशिकच्या पोरांसाठी मायको, म्हणजे आताचं बॉश, आणि महिंद्रा ही दोन दारं मोठी. ओझरला विमानांची एचएएल. नंतर गाड्यांचं चित्र डोळ्यांदेखत बदललं. २००२ ला स्कॉर्पिओ आली तेव्हा आख्ख्या सातपूरला ती आपल्या घरची गाडी वाटत होती. २००७ ला लोगन इथे बनायला लागली, तेव्हा मोनोकॉक काय असतं ते आमच्यापैकी पुष्कळांनी पहिल्यांदा जवळून पाहिलं. बोलेरोसारख्या गाडीत खाली शिडीसारखी फ्रेम वेगळी असते, बॉडी वरून येऊन तिच्यावर बसते. मोनोकॉकला बॉडी हाच सांगाडा, इंजिन-सस्पेन्शन खालून चढवतात. पुढे मराझो, एक्सयूव्ही ३०० इथेच बनल्या, नवी थार इथलीच. दोन्ही प्रकारच्या गाड्या एका शहरात बघायला मिळणं ही अप्रेंटिसच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. मुलांनी निदान बॉडी ड्रॉपच्या, म्हणजे बॉडी वरून फ्रेमवर उतरते त्या स्टेशनला एकदा तासभर उभं राहून बघावं.

पिंपळगाव_आई

नमस्कार. माझी मुलगी डिप्लोमा (मेकॅनिकल) पास झाली आहे. तिला कार कंपनीत अप्रेंटिसशिपला जायचंय. घरात थोडा विरोध आहे, मोठे दीर म्हणतात मुलीला कारखान्यात कशाला. मला तिला पाठवायचं आहे. पण शिफ्ट, रात्रीचं येणं-जाणं, तिथलं वातावरण याची काळजी वाटते. पिंपळगाव बसवंतहून रोज जाऊन येऊन जमेल का? कुणी मुलीनेच सांगितलं तर बरं होईल.

पेंटशॉप_सिन्नर

काकू, मी सांगते. मी डिप्लोमा अप्रेंटिस आहे, सध्या पेंट शॉपला. आमच्या बॅचला मुली बऱ्याच आहेत, काही स्टेशनं तर पूर्ण मुलीच चालवतात.

रोज पिंपळगावहून येणं-जाणं पहिल्या शिफ्टला जड जाईल, पहाटेच निघावं लागेल. आम्ही चौघींनी अशोकनगरला खोली घेतली आहे, डबा लावलाय. कंपनीची बस स्टॉपवर येते. सेकंड शिफ्ट सुटल्यावर मुलींना गाडी घराच्या गल्लीपर्यंत सोडते, सोबत सिक्युरिटी असते. कंपनी कुठलीही असो, रुजू व्हायच्या आधी हे विचारून घ्या, विचारायला लाजायचं कारण नाही. आणि २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात अप्रेंटिस स्पष्टपणे धरलेल्या आहेत. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती पाहिजेच. गेटच्या आत बोर्डावर समितीतल्यांची नावं लावलेली असतात, पहिल्याच दिवशी तिला मोबाईलमध्ये टिपून घ्यायला सांगा.

आता कामाचं. पेंट शॉप म्हणजे स्वच्छतेचं वेड. आत जाताना धागे न सुटणारा सूट, डोक्याला हूड, मग एअर शॉवर. डिओ, केसांचं सिरम, हाताचं क्रीम सगळं बंद. त्यातलं सिलिकॉन कणभर जरी ओल्या रंगावर आलं तरी तिथला रंग बाजूला सरकतो आणि खड्डा पडतो. त्याला क्रेटर म्हणतात. एका मैत्रिणीला नवीन क्रीममुळे गेटवरून परत पाठवलं होतं, हात धुऊन आल्यावरच आत घेतलं.

बॉडी आधी धुतात, फॉस्फेट करतात, मग अख्खी ईडीच्या (इलेक्ट्रो-डिपॉझिशन) टाकीत बुडते. वीज देऊन रंग पत्र्यावर चढवतात, साधारण २० मायक्रॉन, गंज अडवायचं मुख्य काम हाच थर करतो. मग भट्टी, सीलर, प्रायमर, बेस कोट, क्लिअर कोट. सगळे थर मिळून १०० मायक्रॉनच्या आसपास, वहीच्या एखाद्या पानाएवढी जाडी. मी सध्या इन्स्पेक्शनला आहे, झेब्रासारख्या पट्ट्यांच्या उजेडात गाडीवर हात फिरवत धुळीचा कण शोधायचा. ग्लोव्ह्जमधून बोटाला जे कळतं ते सुरुवातीला डोळ्याला दिसतही नाही. मला हे काम मनापासून आवडतं. तुमच्या मुलीला जरूर पाठवा.

पिंपळगाव_आई

बाळा, फार बरं वाटलं. दिरांना वाचून दाखवते.

अंबड_रोखठोक

धागा चांगला आहे, पण सगळं इतकं गोड नाही, दुसरी बाजू पण यायला हवी. माझा भाचा अंबडच्या एका लहान कंपनीत 'अप्रेंटिस' म्हणून होता. गाड्यांचे पार्ट बनवतात, मोठ्या कंपनीला पुरवतात. वर्षभर एकाच टेबलावर डीबरिंग, म्हणजे कापलेल्या भागांच्या धारा घासणं. बारा-बारा तास. विचारलं तर म्हणायचे गेटबाहेर शंभर जण उभे आहेत. बदली मागितली तर दुसऱ्या दिवशी सर्वात वाईट मशीन. वर्ष संपल्यावर कळलं की त्याचा करार सरकारी पोर्टलवर चढवलेलाच नव्हता, त्यामुळे प्रमाणपत्रही नाही. चांदवडचे मित्र म्हणतात विचारलं की मिळतं. मोठ्या कंपनीत मिळत असेल. अंबड, सिन्नर, गोंदे इथल्या शेकडो छोट्या शेड्समध्ये स्वस्तातले हात हवे असतात, शिकवायचं कुणालाच नसतं.

चांदवडचा_मेक

रोखठोक दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, आणि मी ते खोडून काढणार नाही. माझ्या रूममधला एक जण असाच अनुभव घेऊन आलाय. तुमच्या भाच्याबरोबर जे झालं तो अन्याय आहे, आणि तो कायद्याच्या बाहेरचा आहे. अप्रेंटिसला सरकारी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही. नोंदवलेला करार नसेल तर ती अप्रेंटिसशिपच नव्हे, ते बिनकागदाचं काम आहे.

म्हणून नवीन मुलांना पुन्हा सांगतो. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यातच पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनने जाऊन करार दिसतो का ते बघा. डिग्री-डिप्लोमावाल्यांसाठी नॅट्सचं पोर्टल, आयटीआयवाल्यांसाठी अप्रेंटिसशिप इंडियाचं. करार क्रमांक, कंपनीचं नाव, सुरू आणि संपायची तारीख, विद्यावेतन. स्क्रीनशॉट काढून ठेवा. एचआर म्हणाला 'प्रोसेसमध्ये आहे' तर दर आठवड्याला लेखी विचारा. महिना उलटून गेला आणि करार नाहीच दिसला, तर सोडायचा विचार करा. वर्ष गेल्यावर कळण्यापेक्षा ते परवडलं. आणि लाडका भाऊ म्हणून जी राज्याची युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ ला आली, ती वेगळी आहे. तिचे पैसे राज्य सरकार देतं, या कायद्याचा तिच्याशी संबंध नाही. दोन्हीत घोळ करू नका.

टूलरूम_अण्णा

रोखठोक यांच्याशी मी सहमत आहे, आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. पैसे कमी मिळाले तर परत कमावता येतात, बोट परत येत नाही. छोट्या प्रेस शॉपमध्ये पॉवर प्रेसवर काम दिलं तर आधी बघा, दोन हातांनी दाबायची बटणं आहेत का, लाईट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा किरणांचा पडदा) चालू आहे का, की पायाचं पेडल आहे आणि हाताने पत्रा आत सारायचा आहे. सुरक्षेची सोय बांधून किंवा काढून ठेवली असेल तर त्या मशीनला हात लावू नका. कोण काय म्हणेल त्याचा विचार करू नका. माझ्या डोळ्यांसमोर तरण्या पोरांचे हात गेले आहेत.

आरोग्य आणि सुरक्षेच्या बाबतीत कारखान्याचे नियम अप्रेंटिसला कामगारासारखेच लागू आहेत, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. काम करताना इजा झाली तर भरपाई द्यायची जबाबदारीही मालकाचीच, ते त्याच १९६१ च्या कायद्यात लिहिलेलं आहे. अपघात झाला की रजिस्टरला नोंद झालीच पाहिजे. 'दवाखान्याचा खर्च देतो, नोंद नको' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

पेठचा_वेल्डर

मी आयटीआय वेल्डर, पेठ तालुक्यातला. बॉडी शॉपला आहे. इथे गॅस-आर्कपेक्षा स्पॉट वेल्डिंगच जास्त. एका बॉडीला चार-पाच हजार स्पॉट असतात, त्यातले बरेच रोबोट मारतात, पण सगळे नाही. गन वरून स्प्रिंग बॅलन्सरला टांगलेली असते, तरी दिवसभर फिरवून खांदे भरून येतात. तांब्याच्या टिपा घासून परत आकारात आणायच्या असतात, त्याला टिप ड्रेसिंग. जस्ताचा थर असलेल्या पत्र्यावर टिप लवकर खराब होते, कारण जस्त तांब्यात मिसळतं. टिप पसरली की करंट मोठ्या जागेत वाटला जातो, स्पॉट वरून दिसतो छान पण आत धरलेला नसतो. म्हणून मध्येमध्ये छिन्नी टेस्ट करतात. दोन स्पॉटच्या मध्ये छिन्नी ठोकायची, पत्रे सुटले नाहीत तर बरोबर.

आयटीआयवाल्यांनी एक ध्यानात ठेवा, शेवटी अखिल भारतीय ट्रेड टेस्ट असते, ती पास झाल्यावरच राष्ट्रीय प्रमाणपत्र. थिअरीच्या तासाला झोपू नका. आमच्यातले दोघं प्रॅक्टिकलला एकदम भारी होते आणि थिअरीत अडकले.

डिप्लोमा_थर्डइयर

खूप उपयोगी माहिती. माझे प्रश्न :
अप्रेंटिस आणि जीईटी/डीईटी (ग्रॅज्युएट/डिप्लोमा इंजिनिअर ट्रेनी) यात फरक काय? एचएएलला प्रयत्न करावा की कार कंपनीला? अप्रेंटिस झालेल्यांना नंतर खरंच फायदा होतो का? खर्च भागतो का?

क्वालिटी_इंदिरानगर

यातल्या काहींची उत्तरं मी देतो. मी याच क्षेत्रात क्वालिटीला आहे, मुलाखतींना नेहमी बसतो.

जीईटी, डीईटी हे कंपनीचे कर्मचारी असतात. पीएफ कापला जातो, प्रशिक्षणानंतर कायम व्हायची वाट ठरलेली असते, निवड कठीण असते. अप्रेंटिस कायद्याखालचा असतो, करार संपला की संपला. एचएएल ओझर आणि कार कंपनी यात मी निवड करणार नाही, कारण दोन्ही जागा वेगळं शिकवतात. विमानाच्या कामात एकेका भागाचा कागद आणि माग किती काटेकोर ठेवायचा ते शिकाल. कारमध्ये हजारो भाग, सेकंदांचा हिशेब, आणि चूक झाली की ती शेकडो गाड्यांत पसरायच्या आत कशी पकडायची ते शिकाल. जिथे आधी निवड होईल तिथे जा.

फायदा होतो का? समोर अप्रेंटिस झालेला मुलगा बसला की मी प्रमाणपत्र बाजूला ठेवून एकच विचारतो, तुझ्या स्टेशनवर सगळ्यात जास्त येणारा दोष कोणता होता आणि तो कुठून यायचा? निम्म्या मुलांना सांगता येत नाही. वर्षभर तो नट आवळलेला असतो, पण तो किती टॉर्कला आवळतात, कमी झाला तर काय होतं, गन बिघडली तर कळतं कसं, हे कधी विचारलेलं नसतं. धागाकर्त्यासारखा डिकीत झोपलेला मुलगा समोर आला तर मी त्याला दहा मिनिटं जास्त देतो, कारण त्याच्याकडून मला ऐकायचं असतं.

एक वही ठेवा. रोज चार ओळी पुरे. आज कुठला भाग, काय दोष, कुणी कसा सोडवला, न कळलेला शब्द कोणता. फक्त कंपनीची ड्रॉइंग, फोटो, आकडे बाहेर नेऊ नका, मोबाईलवर कॅमेऱ्याचं स्टिकर लावतात ते उगाच नाही. पद्धत लिहा, गुपितं नकोत.

चांदवडचा_मेक

खर्चाचं मी सांगतो. तिघांत खोली, माझ्या वाट्याला दोन-अडीच हजार. डबा साधारण तितकाच किंवा थोडा जास्त. एक वेळचं जेवण आणि चहा-नाश्ता कंपनीच्या कँटीनला नाममात्र पैशात होतो, बस कंपनीची. सुट्टीला शहरात जायला सिटीलिंक आहे. घरी पाठवायला फार उरत नाही, पण घराकडून मागावंही लागत नाही. शेती असलेल्या घरातल्यांनी हे आई-वडिलांशी आधीच बोलून घ्या. आमच्याकडे कांदा काढणीच्या वेळी सुट्टी मिळेल असं गृहीत धरलं होतं. मिळत नाही. अप्रेंटिसची हजेरी करारात मोजली जाते.

आणखी एक. लाईनवरच्या कायम आणि कंत्राटी दादा-ताईंशी इंजिनिअर म्हणून वागू नका. माझ्या स्टेशनच्या दादांचं शिक्षण बारावी. गन आवाज बदलते तेव्हा ते न बघता सांगतात की सॉकेट झिजलंय. मला पहिल्या महिन्यात जे आलं ते त्यांच्यामुळे. आज मी त्यांच्या मुलीला गणित शिकवायला रविवारी जातो, तेवढंच माझ्याकडून.

अंबड_रोखठोक

चांदवडकर, तुमचा रिप्लाय भाच्याला दाखवला. तो आता परत कुठे तरी अप्रेंटिसला लागायचं म्हणतोय, पण आधी तक्रार करायची असेल तर कुठे? तो आयटीआय टर्नर आहे.

चांदवडचा_मेक

दादा, आयटीआयवाल्यांसाठी जिल्ह्याच्या शासकीय आयटीआयमध्ये शिकाऊ उमेदवारीचं काम बघणारे अधिकारी असतात, त्यांच्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नाशिकचं आयटीआय त्र्यंबक रोडवरच आहे. डिग्री-डिप्लोमावाल्यांसाठी मुंबईत सायनला पश्चिम विभागाचं शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ, इंग्रजी आद्याक्षरांवरून BOAT म्हणतात ते. जाताना विद्यावेतन खात्यात आल्याचं बँक स्टेटमेंट, गेटपास, हजेरीचे फोटो, नेमणुकीचं पत्र, जे असेल ते सगळं न्या. करार नोंदवलेला नसल्याने तो तिथे काम करत होता हे त्यालाच दाखवावं लागेल, त्यामुळे बँकेचा कागद सगळ्यात महत्त्वाचा. रोख देत असतील तर बरोबरच्या पोरांना साक्षीला घ्या. आणि टर्नर आहे म्हणजे सीएनसीकडे, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनकडे, वळायला त्याला सोपं जाईल, त्याने खचू नये. मी पण येतो त्याच्याबरोबर, माझी पुढच्या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, सकाळ मोकळी असते.

टूलरूम_अण्णा

मी पण येईन. मला त्या ऑफिसात कागद कुठे द्यायचा ते माहीत आहे.

आणि ज्यांना ड्रॉइंग नीट वाचायला, व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल हाताळायला शिकायचंय, त्यांनी रविवारी सकाळी माझ्या घरी या. पैसे नकोत. माझ्याकडे जुनी मोजमापाची हत्यारं आहेत, टेबल आहे. एका वेळी पाच-सहा जणच बसतील, म्हणून आधी कळवा. मुलींनीही या, माझी सून घरी असते, तीही डिप्लोमाच आहे. जीडी अँड टीची (ड्रॉइंगवर आकार आणि जागेत किती फरक चालेल ते सांगणारी) चिन्हं बघून पोरं घाबरतात, ती तीन-चार रविवारांत अंगवळणी पडतात.

पेंटशॉप_सिन्नर

काका, मी आणि माझ्या दोन रूममेट येणार. आमच्या कामात मायक्रोमीटर लागत नाही, पण शिकायचंय. काही आणायचं का?

टूलरूम_अण्णा

वही, पेन्सिल, आणि कारखान्यातला एखादा टाकाऊ बोल्ट, गेटपास करून. पत्ता व्यक्तिगत निरोपाने पाठवला आहे.